शेवटची पट्टी

मंगळवार, ४ ऑगस्ट. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. खळ शिजायला ठेवली आहे.

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दुधात घालायच्या शक्तीच्या पावडरीचा दहावा डबा पार्सलने रवाना केला. जाहिराती चिकटवणाऱ्यांना कंपनी महिन्याला एक फुकट देते, आणि मला एकट्याला काय करायचीय एवढी शक्ती? ठकीला दे. दिवसाला तीन चमचे, चित्रात आहेत तसे शिगोशीग.

काल इथल्या शाळेसमोरच्या फलकावर या पावडरीचीच नवी जाहिरात लावली. सोळा पट्ट्या, एकही सुरकुती नाही. 'बुद्धी'ची वेलांटी दुसरीच आहे ना, हे वर चढून तपासलं. मुकादम म्हणाले, सातवीतून पळालास आणि आता मास्तरकी करतोस होय! सर्वांत खालची पट्टी नेहमीप्रमाणे चार बोटं चौकटीच्या आत दुमडली. मग वाऱ्याने फडफडत नाही.

ठकी सुट्टीत आली होती तेव्हा शिडी धरून उभी राहायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, वर माझा मामा आहे. तिला पापा.

पार्सलची पोच कळव, नाहीतर मला झोप लागणार नाही.

तुझा,
बाळ्या


रविवार, ९ ऑगस्ट

चि. बाळ्यास,
अ. उ. आ.

पार्सल पोचलं, आता झोप. डबा मात्र न फोडता माळ्यावर ठेवलाय. घाबरू नकोस, आधी सगळं वाच.

शाळेत मुलांची तपासणी झाली. ठकी नऊ वर्षांची, वजन तेरा वर्षांच्या मुलीचं. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. साखर काठावर आहे म्हणाल्या, पण अजून वेळ गेलेली नाही. काय काय खाते असं विचारलं, तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात तुझी पावडर सांगितली. सकाळ, दुपार, संध्याकाळ, न चुकता! त्यांनी पेन खाली ठेवलं. चूक माझीही आहेच. पोरगी भाजीला नाक मुरडायची, तर मी म्हणायचे, असू दे, डबा आहे ना.

आता पावडर बंद म्हटलं तर ऐकत नाही. रडली असती तर समजूत काढली असती, पण ही भांडते. म्हणते, मामाने स्वतःच्या हाताने लावलंय, मामा खोटं लावणारच नाही. दोन जिने चढताना धाप लागते, तरी तेच पालुपद. माझं काही चालत नाही रे. तूच लिही तिला.

तुझ्यावरची माया तसूभरही कमी नाही, उगाच मनाला लावून घेऊ नकोस.

ताई


बुधवार, १२ ऑगस्ट. दुपारचा एक. शिडीच्या सावलीत बसलो आहे.

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. मग वर चढून दुमडलेली पट्टी सोडवली. तिच्यावर बारीक अक्षरांत छापलं आहे: 'शंभर ग्रॅममध्ये साखर तेहतीस ग्रॅम. हा जेवणाला पर्याय नाही. चित्र काल्पनिक.' शुद्धलेखन बिनचूक आहे. दहा महिने मी मोठ्या अक्षरांच्या वेलांट्या तपासल्या आणि हे माझ्याच हाताने आत ढकललं.

पट्टी तशीच उघडी ठेवली. कागद फडफडतो म्हणून मुकादमांनी अर्धा रोज कापला. मी म्हटलं, खळ दुप्पट लावतो. पुटपुटत गेले, पण पुन्हा दुमड असं काही म्हणाले नाहीत. आता एक आजोबा नातवाला उचलून ते वाचायला लावत आहेत.

पुढचं ठकीला वाचून दाखव.

ठकूबाई, मामा खोटं बोलला नाही, पण मामाने न वाचता लावलं. डॉक्टरीणबाईंनी वाचलंय, म्हणून त्यांचं ऐकायचं. रविवारी मी येतोय. आपण दोघं जिने चढू. धाप लागली की पायरीवर बसू, मग पुढे. मलाही शिडीवर धाप लागते, पण हे मुकादमांना सांगू नकोस.

ताई, रागावलीस तरी लोभ राहू दे. हिशेब खाली देतो, तपासून घे.

संपलेले डबे नऊ. पावडर साडेचार किलो, पैकी साखर दीड किलो.
कापलेला रोज, अर्धा.
ठकीला माझं देणं: जिने दोन, दर रविवारी. फिटेपर्यंत.

बाळ्या