बाबांच्या पेल्यात काय असतं

गुरुवार संध्याकाळ, मार्च १९९२

ह्यांची मिल बंद होऊन आठ महिने झाले. आता हे उद्या गौतमपुऱ्याकडच्या एका बाबांकडे निघालेत. तिथे धतुऱ्याचा काढा देतात म्हणे, आणि पिणाऱ्याला पुढचं दिसतं. ह्यांना एवढंच बघायचंय, की मिल पुन्हा चालू होणार का.

आणि ह्यांना काचबिंदू आहे. शाळेत शिकवून परत येताना मी मुद्दाम डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारून आले. ते म्हणाले, "धतुऱ्याचं माप कुणालाच कळत नाही. माणूस भ्रमिष्ट होतो, जीवही जातो. तुमच्या मिस्टरांची तर डोळ्यांतलं प्रेशर वाढून नजरच जाईल."

घरी येऊन सगळं सांगितलं. हे म्हणाले, "अगं, मिलमधले चार जण पिऊन आले. कुछ नहीं हुआ."

"त्यांना काचबिंदू होता का?"

हे हळूच म्हणाले, "घरी बसून तरी डोळ्यांचं काय करू?"

हे ओरडले असते तर बरं झालं असतं.

रजेचा अर्ज लिहून ठेवलाय. सकाळच्या बसमध्ये मी ह्यांच्या शेजारी बसणार, आणि पेला पुढे आला की बाबांना काचबिंदूचं तोंडावर सांगणार. चारचौघांत ह्यांना लाज वाटेल. वाटू दे.