चंदन लागलेला लॅपटॉप

१ ऑक्टो., बुध.
सासरी, चेन्नईत नुंगंबाक्कमला. आयुधपूजा. सासऱ्यांनी पाटावर मिक्सर, कात्री, माझ्या गाडीची किल्ली आणि स्वतःचा लॅपटॉप मांडला. चंदन ओलंच. कीबोर्डवर घसघशीत टिळा. म्हटलं, "अप्पा, झाकणावर लावा." तर म्हणे, "काम बोटं करतात तिथें होतें. झाकण काय काम करतें?" आज आयुधाला हात लावायचा नाही, म्हणून पुसताही येईना.

२ ऑक्टो., गुरु.
दसरा. अप्पांनी नमस्कार करून बटण दाबलं. ढिम्म. परत दाबलं. ढिम्म.
त्यांची तंजावरी मराठी शब्दांची यादी त्यात आहे. स्वयंपाकघरातले शब्द, आजीच्या शिव्या, सगळं. अडीच वर्षं एका बोटानं टाइप केलेलं. अप्पा निवांत. "परवाइल्लै, कांहीं हरकत नाहीं. जांवयांनीं प्रत ठेवली आहे कीं."
ठेवलेली नाही. दोन वर्षांपूर्वी 'बॅकअप चालू केलंय' असं ठोकून दिलं, जेवायला बसलो, विसरलो. आणि पेरुंगुडीच्या ऑफिसात लोकांना बॅकअपवर व्याख्यानं झोडतो. लाज वाटते.

४ ऑक्टो., शनि.
कंपनीचं सर्व्हिस सेंटर. दीड तास टोकन घेऊन बसलो. काउंटरवरच्या बाईंनी चक्क वास घेतला. "सार, संदनम्?" आणि फॉर्मवर लिहिलं, लिक्विड डॅमेज. वॉरंटी बाद.
मग मीच उघडून साफ करतो म्हटलं. "तुम्ही स्क्रू काढलात तर आम्ही हात लावणार नाही, सार."
म्हणजे आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना. लॅपटॉप घेऊन परत.

७ ऑक्टो., मंगळ.
हेल्पलाइन. 'आपला कॉल महत्त्वाचा आहे.' इतका महत्त्वाचा की अर्धा तास उचलवेना. पहिला म्हणाला, रीस्टार्ट करा. अरे बाबा, स्टार्टच होत नाही! दुसरीनं विचारलं, बंद पडण्याआधी काय केलं होतं? पूजा. तिनं स्पेलिंग विचारून टाइप केलं. मग, "आम्ही वर कळवतो."

९ ऑक्टो., गुरु.
कंपनीला पाझर फुटला. खास बाब म्हणून मदरबोर्ड फुकट बदलणार. पण स्टोरेज बोर्डावरच पक्कं बसवलेलं. जुना बोर्ड कंपनी नेणार, आतलं सगळं जाणार. संमतीचा ओटीपी मालकाच्या मोबाइलवर, म्हणजे अप्पांच्या.
बायको म्हणाली, "आता तरी सांग त्यांना." सांगतो म्हटलं. आधी उघडून तर बघू. गेली ती वॉरंटी चुलीत.

११ ऑक्टो., शनि.
सकाळीच आमच्या घरी लॅपटॉप उघडला. एका स्क्रूचा माथा झिजवला, शिव्या घातल्या. कीबोर्डच्या पातळ केबलपट्टीखाली चंदन वाळून बसलेलं. स्पिरिट, जुना टूथब्रश, तासभर खरवडलं. बटण दाबलं.
दिवा लागला! मी ओरडलोच. चार सेकंद राहिला, गेला. मग दहा वेळा दाबलं. काही नाही. पण लागला तर होता. पट्टी परत काढतोय, तेवढ्यात अप्पांचा त्यांच्या घरच्या लँडलाइनवरून फोन.
"जांवई, कंपनीची बाई मोबाइलवर आहे. आंतलें सगळें जाईल म्हणते. नंबर आला आहे. सांगूं तिला?"
"थांबा, अप्पा. नका सांगू."
"कां?"
"नंतर सांगतो." त्यांनी बाईला थांबायला सांगितलेलं ऐकू आलं. मग मला, हळू आवाजात, "प्रत नाहीं, नाहीं कां?"