प्रश्न क्रमांक सतरा

१४ डिसेंबर १९९७

प्रिय तुषार,

जय भीम. तुझं पत्र पोचलं. सोबतची लेखाची प्रतही पोचली, पण तिची गरज नव्हती. तुझा लेख तुझ्या पत्राच्या आधीच गावात आला होता. उपसरपंच काकासाहेबांनी त्याच्या चाळीस झेरॉक्स काढून घरोघरी वाटल्या. पीएचडी व्हायच्या आधीच तुला एवढे वाचक मिळाले, अभिनंदन.

महिला सरपंच केवळ नामधारी, हा तुझा निष्कर्ष. पुराव्याला माझी आई, प्रश्न क्रमांक सतरा: गावाचे निर्णय कोण घेतं? स्वतः, इतर पुरुष, की सांगता येत नाही? तुझे फॉर्म मीच भरत होते, म्हणून तो दिवस मला पाठ आहे. मुलाखत ग्रामपंचायतीच्या कचेरीत, आईच्या शेजारच्या खुर्चीत काकासाहेब पान चघळत बसलेले. त्यांना बाहेर पाठव, नाहीतर आमच्या घरी बसू, असं मी तुला दोनदा म्हटलं. त्यावर तू मला कोपऱ्यात नेऊन समजावलंस की सगळ्या मुलाखती एकसारख्या परिस्थितीत व्हायला हव्यात, नाहीतर तुलना करता येत नाही. केवढी ती शास्त्रशुद्धता! सगळ्या सदस्यांना तीच कचेरी, तोच चहा आणि तेच काकासाहेब. आई प्रत्येक प्रश्नाला म्हणाली, "काकासाहेबांनाच इचारा," आणि तू मान डोलावत मला 'इतर पुरुष'वर खूण करायला लावलीस.

कडूबाई आठवते का? काकासाहेबांची भावजय, तीही सदस्य, पदर पार नाकापर्यंत. ती काहीच बोलली नाही, तेव्हा तू तिच्या फॉर्मवर लाल पेनने 'स्वतःचे मत नाही' असं लिहिलंस. तेव्हाच मला तुझा राग यायला हवा होता. पण मी प्रेमात होते, मला ते लाल पेनसुद्धा हुशार वाटत होतं.

आता तुझ्या फॉर्मात न मावलेलं सांगते. त्याच आठवड्यात आमच्या बौद्ध वस्तीला नळ द्यायचा ठराव यायचा होता आणि त्यासाठी काकासाहेबांच्या माणसांची मतं हवी होती. घरी येऊन मी आईवर चिडले, तर ती भाकरी थापत म्हणाली, "त्या सायबापुढं मी शानपना दावला असता, तर नळ आला असता व्हय? लई शिकलाय, पन शेजारी कोन बसलंय ते त्याला दिसंना." नळ आला. मग तुझा लेख आला, आणि तोच जोडून काकासाहेबांनी आईवर अविश्वास ठराव आणला. जी बाई काही ठरवतच नाही ती खुर्चीवर हवी कशाला, असं ते चावडीवर सांगत फिरले.

परवा शुक्रवारी तहसीलदारांसमोर सभा झाली. आईला काढायला नऊपैकी सहा हात लागत होते आणि सहावा कडूबाईचा धरलेला होता. काकासाहेबांनी तिच्याकडे दोनदा पाहिलं. तिने दोन्ही हात पदराखाली घेतले आणि तशीच बसून राहिली. ठराव पडला. बाहेर आल्यावर ती आईला एवढंच म्हणाली, "चल विमल, चहा पाज."

हे सगळं लिहिलं ते तुझ्या पत्रातल्या शेवटच्या ओळीसाठी. माझ्याशी लग्न करशील का, असं विचारलंस आणि पुढे लिहिलंस, 'आईंना विचारून कळव.' बायका स्वतः काही ठरवत नाहीत म्हणून पानंच्या पानं लिहिणारा तू! दोन वर्षं मी या प्रश्नाची वाट पाहिली, हे नाकारत नाही. पत्र वाचून रडलेही. आता आई नळावर गेली आहे, घरात मी एकटी आहे, शेजारच्या खुर्चीत कुणी नाही. माझं उत्तर 'नाही'. निर्णय कोणी घेतला, तर स्वतः. तिथे खूण कर.

'तुझीच' लिहायची हाताला सवय आहे, म्हणून मुद्दाम नुसतं नाव लिहिते.

जयमाला