दोन बोटं उघडी काच

कुंभार पिंपळगाव
७ नोव्हेंबर १९७४

ती. साहेबरावदादांस,
वसंताचा सप्रेम जयभीम, वि. वि. इकडं आई मजेत आहे. तुमच्या भावजयीला, बेबीनंदाला नववा लागला. तिला माय न्हाई, म्हणून बाळंतपण आपल्याकडंच, अंबडच्या दवाखान्यात. बाळ-बाळंतिणीला यष्टीत कोंबायचं न्हाई, आपल्याच मोटारीतून आणायचं, असा आईचा हट्ट. पण छप्पन सालची ही म्हातारी रोज सकाळी टकटक वाजून राह्यली. गरम झाली की गप. इथला मिस्त्री इंजिन खोलायचं म्हणतो. तुम्ही गॅरेजवाले, तुम्हीच सांगा.

आपला लाडका, पण अडाणी,
वसंता

नवीन जालना
११ नोव्हेंबर १९७४

चि. वसंतास,
अनेक आशीर्वाद. मिस्त्रीला हात लावू देऊ नको, बिलकुल! गरम झाल्यावर मिटतो तो आवाज इंजिनातला नव्हे. इंजिनाला धुराचा नळ जोडतात तिथलं पॅकिंग जळालं असंल. लोखंड तापून फुगलं की फट मिटती. मागं सायलेन्सरच्या तोंडावर ओला फडका दाबून धर, जिथून फुसफुस धूर निघंल ती फट. नवं पॅकिंग गॅरेजातल्या सर्जेरावाच्या हाती धाडतो. नट बराबर आवळ. आवाज गेला की बिनघोर चालव. आईला म्हणावं, नातवाला बघायला जल्दी येतो.

तुझ्यावर जीव असलेला,
साहेबराव

कुंभार पिंपळगाव
९ डिसेंबर १९७४

ती. दादांस,
जयभीम. तार केल्ती, ती पोचली असंल. आपलं बाळ गेलं, दादा. आठ दिवसांचं होतं.

पॅकिंग बसवलं, तसा आवाज बंद झाला. मंग फडका लावून मागं वाकून पाह्यलंच न्हाई. गुरुवारी अंबडहून निघालो. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून आईनं काचा चढवल्या, दारांच्या फटींत चिंध्या कोंबल्या. बेबीनंदा मागच्या सीटवर, मांडीवर दुपट्यात बाळ; आई पुढं माझ्या शेजारी. वाटंत माझं डोकं ठणकत होतं. मला वाटलं, जागरणानं. घरी उतरवलं तर बाळ हलंना, आणि बेबीनंदा बेशुद्ध. ती वाचली.

डॉक्टर मला एकट्याला म्हणाले, धूर चढला. काल मागचं सीट उचललं. खालचा नळ गंजून तळहाताएवढा फाटलेला. पुढची फट बुजली, तसा सगळा धूर मागं गेला. मी पुढचा आवाजच ऐकत बसलो, दादा. माझ्या हातानं झालं.

आईला हे ठावं न्हाई. मळमळत होतं म्हणून तिनं स्वतःकडची काच दोन बोटं उघडी ठेवल्ती. तिथूनच वारा लागला, मीच नातू मारला, म्हणून ती कपाळ बडवून घेती. चार दिवस अन्न न्हाई. खरं सांगू का गप बसू?

तुमचा अभागी,
वसंता

नवीन जालना
१३ डिसेंबर १९७४

चि. वसंतास,
आशीर्वाद. मी बाहेरगावी होतो, तार अन् पत्र आजच हाती आलं. एकट्यानं दोष घेऊ नको. आवाज गेला की बिनघोर चालव, हे मीच लिहिलं. मागचा नळ वाकून बघ, एवढं लिहायला मला काय झाल्तं?

आईला खरं सांगायचं. त्या दोन बोटांच्या फटीनंच बेबीनंदा जगली, आई जगली, तूही जगलास. हे तिला कळलंच पाहिजे.

पण हे ऐकलं की पुढचं तिचं तिलाच उमगंल, त्या चिंध्या कोणी कोंबल्या ते. म्हणून हे पत्र आजच सर्जेरावाच्या हाती धाडतो, मी येईस्तोवर तोंड उघडू नको. उद्या पहिल्या गाडीनं निघतो. तिला ते उमगंल तवा आपण दोघं तिच्या दोन बाजूला बसलेलं पाहिजे.

माया पातळ होऊ देऊ नको.
तुझा दादा,
साहेबराव