पान एकशे बाराच्या जागी

वेल्डन, नेब्रास्का
रविवार, ६ ऑक्टोबर

प्रिय ड्वाइट,

प्रार्थनेत तुझं नाव रोज घेते, तेव्हा तू बरा असशीलच. इथे मका काढून झाला. आईला आता उजेडही कळत नाही, पण कान शाबूत आहेत.

गुरुवारी तू आपल्या लायब्ररीत वाचन करणार, अशी पाटी लागली आहे. वर फोटो, हनुवटीखाली मूठ. वीस वर्षांत पाच कादंबऱ्या, दोन बक्षिसं, विद्यापीठात नोकरी, आणि बाबांच्या दफनाला यायला सवड नाही. असो.

तुझी पुस्तकं मी विकत घेत नाही, लायब्ररीतून आणते. पाचही वाचली. पाचांत तीच एक आई, कंजूष, उठता-बसता बायबल काढणारी, पोराला तळघरात कोंडणारी. अरे, चक्रीवादळाचा भोंगा वाजला की तळघरात आपण सगळेच बसायचो. तिकडच्या शहाण्यांना भोंगा कुठला माहीत? दिलं तुला बक्षीस.

आता न सांगून चालणार नाही. जेवणं झाली की आई मला तुझं पुस्तक वाचायला लावते. पहिल्याच पुस्तकात पान एकशे बारावर मी अडले. ती म्हणाली, "थांबलीस का गं? मी आहे का त्यात?"

"आहेस," म्हटलं, आणि पुढचं मनानेच रचलं. भोंगा वाजतोय, तिने तुला कोटात गुंडाळलंय, स्तोत्रं म्हणतेय. तिने पुस्तकाच्या पानावरून हात फिरवला. मग म्हणाली, "पोराच्या लक्षात आहे."

पुढची चारही तशीच वाचली. हे पाप आहे. पास्टरना सांगितलेलं नाही. पण बारावी शिकलेल्या बाईला भांडी घासता घासता जे सुचतं, त्यासाठी तू विद्यापीठात पगार घेतोस, याचं नवल वाटतं.

गुरुवारी आई पहिल्या रांगेत असेल. तिला तेच पान तुझ्या तोंडून ऐकायचं आहे. चर्चच्या जुन्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूला लिहिलेले चार कागद सोबत आहेत. पुस्तकात घालून तेच वाच. कोणी ताडून बघणार नाही, गावात तुझं पुस्तक घेतलंय कोणी?

चौथ्या कागदावर मुलगा आईची माफी मागतो. तेवढं मी तिला अजून वाचून दाखवलेलं नाही. तिथे घाई करू नकोस.

तुझ्यासाठी नाही, तिच्यासाठी,
मार्लिस