आत्याची कवळी, दिपमालाचा कान

तीर्थस्वरूप नवलमामांना ज्योतीचा नमस्कार. मामींची कंबर आता कशी आहे? आम्ही सगळे खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते, पण आखाजीपासून मी हादरलेली आहे.

तुमच्याकडे ही प्रथा नाही म्हणून सांगते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या आणि पलीकडच्या वाडीच्या बायका नाल्याच्या दोन काठांवर उभ्या राहून एकमेकींच्या घराण्याचा उद्धार करतात, आणि संध्याकाळी एकत्र सांजोऱ्या खातात. आमच्याकडून शेवंताआत्या. तिला आजवर कुणी गप्प केलेलं नाही. (आबासुद्धा फक्त या थोरल्या बहिणीचंच ऐकतात. मला एम.ए.साठी जळगावला पाठवायची गोष्ट ती त्यांच्याकडे जिंकल्याच्या आनंदात काढणार होती.) घरातली पहिली पदवीधर म्हणून यंदा पंच मी.

पलीकडून उभी राहिली सुनंदाबाईंची नवी सून दिपमाला. ही मुलगी एरवी दुकानात साखर मागतानाही लाजते. पण काय सांगू, यमक जुळवून, दम न घेता तिने आमच्या तीन पिढ्या धुतल्या. आत्या पदर खोचून पुढे सरसावली. तेवढ्यात त्याच आवेशात, हात नाचवत, दिपमाला शुद्ध पुस्तकी मराठीत ओरडली, “याहून अधिक तिखट शब्द हवे आहेत का?”

मामा, पदराखाली इअरफोन होता. मोबाइलमधलं यंत्र सांगत होतं आणि ही बोलत होती. मी तो जप्त केला आणि नाल्यात उभं राहून भाषण दिलं, की माणसाने स्वतःच्या अंगच्या ताकदीवर बोलावं, उसनी बुद्धी कानात घालून जिंकणं म्हणजे माणुसकीचीच फसवणूक. (टाळ्या अपेक्षित होत्या.) सुनंदाबाईंनी शांतपणे विचारलं, “मंग शेवंताना तोंडमा काय शे? ते काय देवनी देयेल शेतस का?”

आत्याने गेल्याच वर्षी धुळ्याला कवळी बसवली. त्याआधी तिच्या निम्म्या शिव्या नुसती हवा होऊन जात. मी तत्त्वाला धरून राहिले. यंत्र ते यंत्र, म्हटलं. आत्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिच्या घरात जन्मलेच नाही, आणि कवळी काढून माझ्या हातावर ठेवली. मग ती जे बोलली ते भयंकर असणार, पण कुणाला कळलंच नाही. आता दोघी सारख्या झाल्या, असं मला वाटलं.  दिपमाला हळूच म्हणाली, “दात घाल आत्या. बिनदातनीशी भांडामा काय मजा शे?”

हे वाक्य तिचं स्वतःचं होतं. दोन्ही काठ हसले. आत्या हरली.

कवळी आता वाटीतल्या पाण्यात आहे आणि आत्या माझ्याशी बोलत नाही. आबांशी माझ्याबद्दल तर नाहीच. तरी माझं मत कायम आहे. माणसाने यंत्राच्या आधाराने बोलू नये.

आपली भाची,
ज्योती

ता. क. जप्त केलेला इअरफोन माझ्याकडेच आहे. आबांसमोर माझं तोंड उघडत नाही, आणि मेव्हण्याचं, म्हणजे तुमचं, त्यांना ऐकवत नाही. तेव्हा रविवारी ते जेवून ओट्यावर बसले की मी तो कानात घालून तुम्हाला फोन लावीन. एम.ए.बद्दल तुम्ही सांगाल ते मी बोलेन.

आणखी एक. मध्येच “ऐकू येतंय का?” असं विचारू नका. घाबरून मी तेही बोलून टाकेन.