सर्वपित्रीला सिस्टिम पडली नाही

८ सप्टेंबर, सोमवार
पितृपक्ष सुरू. आजपासून रोजनिशी, फक्त स्वतःसाठी.
आपलं ॲप 'पान वाढलं'. श्राद्धाचा स्वयंपाक घरपोच, कावळ्याच्या पानासकट. गेल्या वर्षी सर्वपित्री अमावास्येला ऐन सकाळी नऊला सिस्टिम झोपली. चाळीस मिनिटं. ठाण्यातले निम्मे पितर उपाशी ठेवलेस, असं दिपेश म्हणाला. दिपेश मालक आहे, त्याचं मनावर घ्यायचं नसतं. वर्षभर घेतलं.
यंदा पडणार नाही. टेक हेड म्हणून मी शब्द दिलाय.
संकल्प: सिस्टिम पडू द्यायची नाही. साखर बंद. आईला वेळ द्यायचा.

१० सप्टेंबर, बुधवार
विमलाबाईंना क्लाउड समजावला. त्या आमचं डोंबिवलीचं किचन सांभाळतात, हाताखाली अकरा बायका. म्हटलं, गर्दी वाढली की सर्व्हर आपोआप वाढतात, ओसरली की कमी होतात. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, साहेब, वडे थापायला हात पण तसेच वाढतात काय?
हसलो. नॉन-टेक माणसांशी धीराने वागायला हवं.
ऑफिसच्या खिडकीबाहेर एसीच्या डब्यावर एक कावळा. या दिवसांत बसणारच.

१३ सप्टेंबर, शनिवार
मंगळवारी दशमी. वडिलांची, अण्णांची तिथी. आईने आठवण करून दिली.
मंगळवारी लोड टेस्ट आहे. म्हटलं, सर्वपित्रीला करू. ज्यांचं राहिलं त्या सगळ्यांचं त्या दिवशी चालतं. शास्त्रातच सोय आहे. निशा म्हणाली, तू नसलास तरी चालेल, मी सुट्टी टाकते, आम्ही दोघी करू. पण आईचे गुडघे, निशाची नोकरी. घरचं ॲप असताना बायकोने आणि आईने राबायचं? साफ नाही म्हणालो.
आई गप्प झाली. अण्णा असेच गप्प व्हायचे. वागळे इस्टेटमध्ये तीस वर्षं मशीनवर, अंगात भोंग्याची सवय. साडेबाराला पान समोर हवं. उशीर झाला तर ओरडायचे नाहीत. बसायचे, इकडेतिकडे बघायचे, उठून जायचे. मग दिवसभर जेवायचे नाहीत.
चहात साखर एकच चमचा. टेन्शनमध्ये लागते.

१६ सप्टेंबर, मंगळवार
लोड टेस्ट. दहा हजार खोट्या ऑर्डरी सोडल्या. तीन हजारांवर सिस्टिमला धाप लागली.
कारण सापडलं! प्रत्येक ऑर्डर घेण्याआधी सिस्टिम किचनच्या आकड्याला विचारते, पान शिल्लक आहे का? आकडा दिवसाला बाराशे. सगळे एकाच दारात उभे राहून तेच विचारणार, मग रांग लागणारच. विचारणं बंद केलं. तात्पुरतं. दहाच्या दहा हजार गेल्या, एकही अडकली नाही.
दर्शना (ज्युनियर, हुशार, पण घाबरट) म्हणाली, सर, विचारणार नाही तर सिस्टिम थांबणार कुठे? म्हटलं, थांबायचं कशाला? स्केल म्हणजेच न थांबणं. वाक्य छान जमलं. प्रेझेंटेशनमध्ये टाकतो.
साडेबाराला कावळ्याने काचेवर दोनदा चोच मारली. मी हे असलं काही मानत नाही. पडदा ओढून घेतला.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
रविवारच्या ऑर्डरी एकवीसशे. दर्शना पुन्हा तेच, सर, तो आकडा परत लावू या. म्हटलं, रविवारनंतर. ऐन लग्नात कोणी मांडव हलवत नाही.
दिपेश खूश. किचनचं काय, असं विचारलं त्याने. म्हटलं, ते माझ्यावर सोड.
विमलाबाईंचा फोन तीनदा. चौथ्यांदा उचलला. म्हणाल्या, यादी येतेच आहे, येतेच आहे, हा नळ बंद कोण करणार साहेब? मॅनेज होईल म्हटलं. मागे कढईत तळल्याचा आवाज तेवढा येत राहिला.

२० सप्टेंबर, शनिवार. संध्या. ६.००
पाच हजार सातशे! दहा सर्व्हरचे चाळीस झाले, आपोआप. डोळे भरून आले.
सकाळी आईने अळूची पानं आणलेली. उद्या सगळं तयार येणार म्हणून मी ती वॉचमनला देऊन टाकली. तिने मग दुसरंच केलं. कात्री घेऊन बाल्कनीतल्या कबुतरांच्या जाळीला ताटाएवढं भोक पाडलं. तेविसाव्या मजल्यावर कावळा येतो का, निशाने विचारलं. आई म्हणाली, ते येतील.
ऑफिसबाहेर सात कावळे. मोजायचे नव्हते.

२१ सप्टेंबर, रविवार. सर्वपित्री
७.५९. आठला ऑर्डरी बंद. शेवटची मीच टाकली, अण्णांच्या नावाने. मुद्दाम शेवटची. घेतली, अर्ध्या सेकंदात! क्रमांक ९,३१६.
९.००. गेल्या वर्षी याच वेळी पडली होती. उभी आहे! दिपेशला स्क्रीनशॉट. अंगठा आला.
१०.२०. विमलाबाई. तेराशे पानं गेली, पीठ संपलं, एकीचा हात भाजला. मग म्हणाल्या, साहेब, बाकीच्या घरी फोन तुम्ही करताय की मी करू? फोन ठेवला. मी ठेवला.
११.३०. दर्शना एकेका घरी फोन लावून माफी मागतेय. माझ्याकडे बघत नाही. आठ हजार घरं उरलीत. मला भीती वाटतेय.
१२.००. सगळ्यांना एकदम मेसेज गेला. 'पान वाढलं आहे. पितर तृप्त होवोत.' बाराची वेळ मीच लावून ठेवलेली. एकही मेसेज अडकला नाही.
१२.१०. घरी निघतोय. वाटेत कुठूनतरी भात, वडे, मिळेल ते घेतो. वीस मिनिटं आहेत.
२.००. घर. माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्येच पाऊण तास गेला. काही मिळालं नाही.
आई बाल्कनीत खुर्ची टाकून बसलेली. जाळीच्या भोकाबाहेर एसीच्या डब्यावर रिकामी पत्रावळ, वर दगड. म्हणाली, फोनवर पान वाढलं आलं, म्हणून मांडून बसले. आला रे. बरोबर साडेबाराला. बसला, इकडेतिकडे बघितलं, उठून गेला.

२२ सप्टेंबर, सोमवार
दिपेशचा फोन. सांगितलं त्याला, सिस्टिम एक सेकंदही पडली नाही. मग म्हणाला, पडली असती तर बरं झालं असतं रे. उद्यापासून येऊ नको.
मी भात लावला. थोडा लागला खाली. दही कालवलं. बरोबर साडेबाराला भोकातून हात घालून बाहेर ठेवला. अण्णा, चुकलं, असं मोठ्याने म्हणालो.
दीडपर्यंत तिथेच उभा होतो. मग आतून आई म्हणाली, विनीत, पितृपक्ष काल संपला.